तिसावा पत्ता

१४ डिसेंबर २०१७, गुरुवार

विमल सोमवारी मुकुटबनला गेली. भावाकडे. कापसाचे दिवस आहेत, गोपालला हातभार लागेल, म्हणाली. इतकी वर्षं गोपालचा कापूस हिच्याशिवाय घरात येत होता. यंदा बोंडअळीने बोंडं पोखरून ठेवली, वेचायला निम्मंच उरलं, आणि नेमका याच वर्षी हातभार लागतो. असो. माहेरच्या हिशेबात नवऱ्याने डोकं घालू नये.

दोन बॅगा नेल्या. आठ दिवसांचं सामान एका बॅगेत मावतं. दुसरीत काय होतं ते विचारायचं राहिलं.

दर रविवारी पेपरात सदर लिहिणाऱ्या माणसाने दैनंदिनी लिहू नये, कारण तिला वाचक नसतो आणि वाचक नसला की मी खरं लिहायला लागेन अशी भीती वाटते. पण शाळेतून आल्यावर बोलायला कोणी नाही. म्हणून ही वही.

गेल्या रविवारचा लेख फर्मास जमला होता. ‘आमच्या सौ. आणि बावन्न पत्ते’. बायको मोबाइलवर पत्ते कुटत बसते आणि भाजी करपते, असा विषय. स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला गेला. मुख्याध्यापक हसले, म्हणजे किती जमला असेल ते समजावं. विमलने वाचला की नाही ठाऊक नाही. ती रविवारी सकाळी पेपर वाचते, मग चहा आणते. त्याही रविवारी चहा आणला. सोमवारी बॅगा भरल्या.

१७ डिसेंबर, रविवार

शेजारच्या सुग्राबींनी दुपारी खिचडी पाठवली. डबा द्यायला स्वतः आल्या आणि दारातच म्हणाल्या, “मास्तर, खिचडी हाय. यावर लिवू नका.”

जेवून टीव्ही लावला, तर केबल बंद. कपाटावर विमलचा टॅब होता. सुरभीने, आमच्या लेकीने, पुण्याहून आईसाठी पाठवलेला. म्हटलं बघू तरी, बाई दिवसभर काय कुटते.

पहिली गोष्ट, ते बावन्न पत्ते नाहीतच. राजा नाही, राणी नाही, बदाम नाही. लेख लिहिण्याआधी एकदा उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण मग लेख झाला नसता. पडद्यावर तीन चित्रं होती: एक भालेवाला, एक डुक्कर आणि एक आग ओकणारं अवाढव्य जनावर. वर लिहिलेलं, एक निवडा. कोपऱ्यात आकडा, बावीस. म्हणजे तिसातले बावीस पत्ते निवडून झालेले, आठ राहिलेले. विमल अर्ध्यात सोडून गेली होती.

मी जनावर निवडलं. डुक्कर कोण निवडेल? पुढच्या तिनांत हत्ती होता, हत्ती घेतला. मग तोफ. मग आणखी एक हत्ती. आठही पत्ते असे जबरदस्त घेतले की विमलच्या बावीस किरकोळांना कधी नव्हे ते वजन आलं.

मग खेळलो. तीन डाव हरलो की जमवलेला कॅट जप्त होतो, हे मला तीन डाव हरल्यावर कळलं. तिन्ही वेळा हातात हत्ती धरून मेलो.

१८ डिसेंबर, सोमवार

विमलचा फोन आला. गेल्यापासून पहिला.

“माह्या कॅटले कोनं हात लावला?”

म्हटलं, तुला कसं कळलं?

“फोनवर तेच उघडते. खातं एकच हाय. म्या रात्री भाकरी झाल्यावर उघडलं तं कॅटच नाई. तीन हारी. म्या बावीस पत्ते वेचले होते. पाच डाव जिंकून देत होते ते आरामात.”

“मी चांगले वजनदार घातले त्यात.”

“आठ घातले ना. कितीकितीचे?”

पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, तो त्याचा भाव, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, एक दहाचा, दोन नवाचे, बाकी सात-आठ. तिने ते आकडे एकेक करून परत म्हटले. गच्चीवरून बोलत होती, मुकुटबनला गच्चीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही.

“पऱ्हाटी नासली तं अळीचा दोष,” ती म्हणाली. “कॅट नासला त्याचा कोनाले द्यू?”

फोन ठेवला. तब्येत विचारायची राहिली. तिने माझीही विचारली नाही. पण सव्वा मिनिट बोललो, आणि भाजी या विषयावर नाही.

२० डिसेंबर, बुधवार

रोज शाळा सुटल्यावर तिला फोन करून शिकतो आहे. कुतूहल हा रोग वाईट. मुलांना मी हेच सांगत आलो आणि त्यांना तो कधी होऊ दिला नाही.

तर असं आहे. पहिल्या फेरीत तुम्हाला एक दम मिळतो. (इंग्रजीत काहीतरी वेगळं आहे, विमल ‘दम’ म्हणते.) दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं वाढत दहापर्यंत. एकाचा पत्ता पहिल्या फेरीत उतरतो, दहाचा दहाव्या. हातात दहाचा पत्ता धरून बसलात तर नऊ फेऱ्या समोरचा तुम्हाला बडवतो आणि तुम्ही त्याच्याकडे बघून मिशीला पीळ देता. यवतमाळच्या कितीतरी घराण्यांचा इतिहास एवढाच आहे.

पत्त्यांना तिने आपली नावं ठेवली आहेत. भालेवाला एकाचा, तो ‘रोजदार’. दोनाची एक बाई आहे, जखमा बऱ्या करते, ती ‘आशाताई’. आग ओकणारं दहाचं जनावर ‘आमदार’. हत्ती ‘जावई’.

“जावई काहून?”

“नऊ दम घेते. आन् ज्या फेरीत येते त्या फेरीत काईच करत नाई. बसून राह्यते.”

मी या विनोदाला दाद दिली. तिच्या घरचा जावई मीच, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आज दोघांनी मिळून पहिला कॅट वेचला. एकाने खेळ उघडला की दुसऱ्याचा आपोआप बंद पडतो, एका वेळी एकालाच आत जागा. म्हणून टॅब माझ्याकडे, मी तीन पत्ते वाचून दाखवायचे आणि तिने गच्चीवरून सांगायचं.

“रोजदार, जावई आणि तिनाचा तो ढालवाला.”

“ढालवाला.”

“जावई एकच आहे अजून आपल्याकडे.”

“एक लय झाला.”

असं चाललं. मध्ये एकदा सहाचा एक पत्ता आला. आल्या आल्या समोरच्या सगळ्यांची तोंडं बंद करतो. ज्यांच्या अंगात काही कसब असेल ते जातं, नुसती चित्रं उरतात. मला फार आवडला. विचारलं, याचं नाव काय ठेवलंस?

“त्याचं नाव नाई ठेवलं. आशाताई घ्या.”

शेवटी तिने मोजायला लावलं. कोपऱ्यातले आकडे बघून ओळीने मांडले: एकाचे थोडे, दोनाचे सगळ्यात जास्त, तिनाचे त्याहून थोडे कमी, मग उतरत उतरत सातच्या वर दोनच. मी म्हटलं, ही तर टेकडी झाली, एका बाजूला झुकलेली.

“बाबा पेरत तसं हाय,” ती म्हणाली. “मूग पोळ्याच्या आसपास निघे. मंग ज्वारी. मंग कापूस. कपाशीतल्या तुरीच्या ओळी सगळ्याच्या मागून. कोन्या महिन्यात हात रिकामा नसे. आता गोपाल मेरेपासून मेरेपर्यंत कपाशीच पेरते. समदे नवाचे पत्ते.”

सासरे गेले त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. ते काय पेरत, हे मी कधी विचारलं नव्हतं. लग्नात त्यांनी मला काय दिलं नाही, यावर मात्र एक लेख आहे.

२३ डिसेंबर, शनिवार

सात डाव जिंकलो. सुग्राबींच्या इमरानचं मोबाइलचं दुकान आहे, त्याला दाखवलं. तो म्हणाला, “सर, सात म्हणजे भारी. पण ताईंचा रेकॉर्ड अकराचा आहे. माहीत नव्हतं? मी गिऱ्हाइकांना सांगतो, आमच्या शेजारीण आहेत म्हणून.”

माहीत नव्हतं.

विमलला विचारलं, कधी येतेस? म्हणाली, “पऱ्हाटी उपटली की.” गोपालला फरदड ठेवायची आहे. म्हणजे मुख्य वेचे झाले तरी पऱ्हाटीची झाडं उपटायची नाहीत, पाणी देऊन मार्चपर्यंत आणखी थोडा कापूस काढायचा. आपल्याकडे सगळेच ठेवतात. यंदा कृषीवाले गावोगाव सांगत फिरताहेत की फरदड म्हणजे अळीला फुकट मुक्काम, पुढच्या वर्षी दुप्पट येईल. गोपाल म्हणतो, झाड उभं आहे तर उपटायचं कशाला. विमल म्हणते, “उभं हाय म्हनून ठेवाचं काय? आतून काय हाय ते पाहा ना.”

बहीणभावाचं हे भांडण मिटेस्तोवर मला खिचडी. बरं आहे, त्यावरच लेख दिला. काल संध्याकाळी पाठवला.

२४ डिसेंबर, रविवार

‘सौ. माहेरी, श्री. खिचडीवर’ छापून आला. झकास. सकाळपासून फोन. एका वाचकाने तर लिहिलं की वहिनींना माहेरीच ठेवा, लेख चांगले होतात.

२८ डिसेंबर, गुरुवार

मुकुटबनची रेंज चार दिवसांपासून गेलेली दिसते. रिंग जाते, कोणी उचलत नाही. टॉवरचं काम निघालं असेल. हे लोक कापसाच्या हंगामात बरोबर टॉवर खोदतात.

एकटाच कॅट वेचला. विमलची टेकडी आठवून सगळे स्वस्त घेतले, तिनाच्या वर एकही नाही, म्हटलं घ्या. पहिल्या चार फेऱ्या समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही. पाचव्या फेरीत माझा हात रिकामा. एक पत्ता उचलायचा, एक टाकायचा, उचलायचा, टाकायचा. तिकडून आमदार आला आणि सगळं भाजून गेला.

हे तिला सांगायचं होतं.

३ जानेवारी २०१८, बुधवार

गोपाल कचेरीच्या कामाला यवतमाळला आला होता. तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन घरी आला. चहा मी केला. त्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

विचारलं, टॉवर लागला का?

“कोनता टॉवर, भाऊजी?”

“रेंज नाही ना तुमच्याकडे.”

“लय हाय रेंज. बाई तं रोज गच्चीवर असते.” बहिणीला तो बाई म्हणतो.

मग म्हटलं, पऱ्हाटीचं काय ठरलं? तर म्हणाला, “तेव्हाच उपटली ना. नाताळच्या दिवशीच. बाईनं ऐकलंच नाई. स्वतः वावरात उभी राह्यली. मी म्हनलं, अवं, हिरवी हाय. तं म्हने, हिरवी दिसते. दोन बोंडं फोडून माह्या हातावर ठेवली. दोन्हीत अळी.”

म्हणजे पऱ्हाटी नाताळलाच निघाली आणि विमल तिथेच आहे.

गोपाल शेंगा सोलत बसला, माझ्याकडे न बघता. “तुमचा लेख आमच्याकडे येते, भाऊजी. सरपंच पारावर वाचून दाखवतात. लोक लय हसतात.” एक शेंग सोलून झाली. “बायकाही येतात मंग घरी. बाईले म्हनतात, काय वो, करपली काय आज भाजी.”

“विनोद असतो तो.”

“हो ना,” गोपाल म्हणाला. “मीबी हासलो होतो पयल्यांदा.”

त्याची बस होती. गेला. शेंगा सोलायच्या बाकी आहेत.

५ जानेवारी, शुक्रवार

सुग्राबींना शेंगा दिल्या. म्हटलं, विमल तुमच्याशी बोलते का फोनवर? म्हणाल्या, रोज. म्हटलं, रागावली आहे का?

“मास्तर, तुमी मराठी शिकवता ना? मंग वाचता येत असन.” डबा घेतला, दार लावून घेतलं. यवतमाळात माझ्यापेक्षा चांगली लिहिणारी माणसं आहेत, ती फक्त लिहीत नाहीत.

लेख पाठवायचा होता. मोकाट डुकरांवर पाठवला. सुरुवात जमेना. दोनदा ‘परवा आमच्या सौ. म्हणाल्या’ असं लिहिलं आणि खोडलं, कारण ती परवा काहीच म्हणाली नव्हती.

९ जानेवारी, मंगळवार

आज एकटाच खेळताना स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. रोजदार मी पहिल्या फेरीत टाकतो. विचार न करता. तो स्वस्त असतो, हाताशी असतो, मेला तरी माझं काही जात नाही, आणि तो मार खात असतो तेवढ्यात मला पुढचं काय करायचं ते सुचतं.

खेळ अर्धा सोडून कात्रणांची फाइल काढली. लेख सुरू होतो तिथे बहुतेक वेळा विमल आहे. दुसऱ्या परिच्छेदात विषय येतो आणि ती जाते.

पत्त्यांच्या खेळाचा फार विचार केला की असं काहीबाही दिसायला लागतं. फाइल जागेवर ठेवली. तोवर पडद्यावर मी हरलो होतो.

१२ जानेवारी, शुक्रवार

सुग्राबींच्या फोनवरून लावला. त्यांनीच दिला. म्हणाल्या, “माह्या नंबरवर उचलते ती. पाच मिंटं. बॅलन्स माहा हाय.”

विमलने “काय वो सुग्राबी” म्हणून उचलला. मी म्हटलं, मी आहे. ठेवू नको. रविवारचा लेख लिहिलाय, तो पाठवण्याआधी तुला वाचून दाखवतो.

तिने ठेवला नाही. मी वाचला. एका मास्तराने बायकोने वेचलेल्या बावीस पत्त्यांत आपले आठ घालून कॅट कसा बुडवला, त्याची गोष्ट आहे. हत्ती हातात धरून मेलेला माणूस. मधे एकदा ती हसली असं वाटलं. सुग्राबी हसल्या असतील, त्या शेजारीच उभ्या होत्या.

संपल्यावर विमल म्हणाली, “शेवटून दुसऱ्या ओळीत ‘बिचारी’ हाय. ते काढा.”

“वाक्य लंगडं होईल.”

“होऊ द्या.”

काढलं. लंगडं झालंच. तसंच पाठवलं.

मग मी तिला ते स्वस्त पत्त्यांचं सांगितलं, पाचव्या फेरीत हात रिकामा होतो ते. इतके दिवस पोटात ठेवलं होतं.

“मंग? नुसता मूग पेरून दिवाळीले काय खाल?” ती म्हणाली. “तुमचं हे असंच हाय. एक तं समदे जावई, नाई तं समदे रोजदार.”

सुग्राबींनी फोनसाठी हात पुढे केला. पाच मिनिटं कधीच झाली होती.

१५ जानेवारी, सोमवार

काल संक्रांत. सकाळच्या बसने मुकुटबनला गेलो. टॅब बरोबर नेला. तिळाचे लाडू सुग्राबींनी दिले, कारण मी केलेले कोणाला देण्यासारखे झाले नव्हते.

गोपालच्या वावरातून वाट जाते. पऱ्हाटीचे ढीग मेरेला लावलेले, वावर मोकळं. तिथे उन्हाळी मूग घ्यायचं चाललंय म्हणे. गोपाल म्हणाला, “बाईचं डोकं.”

विमल ओसरीवर होती. मला बघून म्हणाली, “आले काय,” आणि पाणी आणलं. मी लाडू दिले. एक खाऊन म्हणाली, सुग्राबीचे हायेत. पेपर तिथेच पडला होता, घडी मोडलेला. लेखाबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. लेखकाने न विचारण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

टॅब काढला. म्हटलं, नवा कॅट वेचू. आज एकच यंत्र, दोन माणसं, त्यामुळे कोणाचं कोणामुळे बंद पडायचा प्रश्न नव्हता. ती मधून मधून आत जायची, कढईत काही परतायची, परत यायची. मी तिच्यासाठी थांबायचो. एकोणतीस पत्ते झाले. शेवटचा राहिला. तिने टॅब माझ्याकडे सरकवला.

“तिसावा तुमी घ्या.”

तीन पत्ते आले. रोजदार, आशाताई, आणि तो सहाचा, तोंडं बंद करणारा. मी शहाणपणाने आशाताईवर बोट ठेवायला गेलो.

“थांबा. मोजा आधी.”

मोजले. दोनाचे भरपूर. तिनाचे भरपूर. पाच आणि सहाच्या जागी खड्डा.

“दोनाचे झाले आता पुष्कळ,” ती म्हणाली. “मधात काईच नाई. पाचव्या-सहाव्या फेरीले काय टाकसान? सहाचा घ्या.”

“हा? तुला तर हा आवडत नाही.”

“आवडाचा प्रश्न नाई. एक असला तं चालते. केव्हा टाकाचा ते मी सांगीन.”

घेतला. मग विचारलं, याला नाव काय?

ती उठून आत गेली होती. आतून म्हणाली, “मास्तर.”

आत कढईवर झाकण पडल्याचा आवाज आला. गोपाल अंगणात होता, तो एकदम बैलाकडे काही काम असल्यासारखा निघून गेला.

दुपारच्या बसने आम्ही दोघं परतलो. पांढरकवडा यायच्या आत दोन डाव जिंकलो. मास्तर एकदाच टाकला, तिने सांगितला तेव्हा.

घरी आल्यावर लक्षात आलं, बॅग एकच आणली आहे. दुसरी मुकुटबनलाच आहे, ओसरीच्या खुंटीवर, मी बघितली होती. काहून ठेवली ते विचारलं नाही. हातातले सगळे पत्ते एकदम खाली टाकायचे नसतात, एवढं आता मलाही कळतं.

सकाळी चहा मी केला. ती प्यायली.